गंभीर स्नायुदौर्बल्य : उपचारांचा इतिहास

स्नायूंचा सतत वापर केल्यास त्यांची शक्ती झपाट्याने कमी होत जाणे व विश्रांतीनंतर ती काही अंशी परत येणे, हे प्रमुख लक्षण असलेला तंत्रिका-स्नायू संधीचा (तंत्रिकेचे टोक व स्नायुतंतू जेथे एकत्र येतात त्या जागेचा) चिरकारी रोग. ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ हे त्याचे प्रचलित नाव ग्रीक व लॅटिन शब्दांपासून बनले असून त्याचा अर्थ ‘स्नायूंची गंभीर दुर्बलता’ असा आहे. पापण्या मिटू लागणे, एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, चावताना जबडा थकणे, गिळताना ठसका लागणे, बोलता बोलता आवाज अनुनासिक होऊन क्षीण होणे आणि हातपाय गळून जाणे ही त्याची लक्षणे होत. श्वसनाचे स्नायू ग्रासले गेले, तर प्राण धोक्यात येतात. हा रोग विरळा असून दर दहा लाख लोकसंख्येत सु. १५० ते २५० रुग्ण आढळतात. स्त्रियांमध्ये तो बहुधा चाळिशीपूर्वी, तर पुरुषांमध्ये साठीनंतर अधिक प्रमाणात सुरू होतो.

या रोगावरील उपचारांच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य आहे. ज्या औषधांनी रुग्णांचे प्राण वाचविले, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने स्वतःचा एक धोकाही बरोबर आणला, आणि औषधाचा गुण व त्याचा उपद्रव यांतील तोल ढळला की त्याची झळ पुष्कळदा रात्री पोहोचू लागली. कारण औषधाचा परिणाम ठराविक तासांनी ओसरतो, झोपेत श्वसनाचे पुष्कळसे साहाय्यक स्नायू शिथिल होतात आणि काही औषधे तर झोपच उडवितात. म्हणून हा इतिहास जितका नव्या औषधांच्या शोधाचा, तितकाच त्या औषधांची मात्रा व वेळ ठरविण्याच्या शिस्तीचाही आहे.

रोगाची ओळख : इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) यांनी १६७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात या रोगाचे बहुधा पहिले वर्णन आढळते. सकाळी हालचाल व संभाषण नीट करू शकणारी, पण दीर्घकाळ बोलल्यावर वाचाच बंद होणारी आणि तासा-दोन तासांनी पुन्हा बोलू लागणारी एक स्त्री त्यांनी पाहिली होती. दिवसाच्या प्रहरांनुसार बदलणारी शक्ती हे रोगाचे मर्म त्यांनी अशा प्रकारे अचूक टिपले होते. तथापि या वर्णनाकडे वैद्यकाचे लक्ष पुन्हा वेधले गेले ते १९०३ मध्ये. दरम्यान १८७७ मध्ये लंडनचे सॅम्युएल विल्क्स यांनी श्वसन बंद पडून मरण पावलेल्या एका तरुणीचा वृत्तांत दिला. तिच्या मेंदूच्या तपासणीत रोगाची कोणतीही खूण सापडली नव्हती. १८७९ मध्ये हायडल्‌बर्ग येथील व्हिल्हेल्म एर्प यांनी तीन रुग्णांची, तर १८९३ मध्ये वॉर्सा येथील सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी या विकाराची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. १८९५ मध्ये बर्लिनचे फ्रीड्रिख यॉली यांनी विजेच्या साहाय्याने स्नायू वारंवार उत्तेजित केल्यास तो थकत जातो व विश्रांतीनंतर पुन्हा आकुंचन पावतो, असे दाखवून दिले. रोगाचे आजचे नावही त्यांच्याच लेखनातून रूढ झाले.

रोग ओळखता येऊ लागला, तरी त्यावर इलाज असा नव्हता. सक्तीची विश्रांती, शक्तिवर्धके व मऊ अन्न यांपलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. रात्रीच्या झोपेनंतर रुग्णाला सकाळी बरे वाटे, म्हणून झोप हेच एक औषध मानले जाई. मात्र श्वसनस्नायू दुर्बल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तीच झोप धोक्याची ठरू शकते, हे समजण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

पहिली औषधे : १९३० मध्ये अमेरिकेतील हॅरिएट एजवर्थ यांनी एफेड्रीन या औषधाने होणाऱ्या सुधारणेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या स्वतःच या रोगाने पीडित होत्या आणि अन्य कारणासाठी हे औषध घेत असताना त्यांना त्याचा हा गुण आढळून आला होता. एफेड्रीन मेंदूला उत्तेजित करते. त्यामुळे छातीत धडधडणे, अस्वस्थता व निद्रानाश हे त्याचे ठळक अनिष्ट परिणाम होत. या रोगाच्या औषधोपचारातील पहिल्या यशाबरोबरच झोपेचा प्रश्नही अशा रीतीने पुढे आला.

खरी क्रांती घडली ती लंडनच्या ग्रिनिच भागातील सेंट अल्फेज रुग्णालयात. गोरगरिबांसाठी असलेल्या या रुग्णालयात मेरी ब्रॉडफुट वॉकर (१८८८–१९७४) या साहाय्यक वैद्यकीय अधिकारी होत्या. या रोगातील दुर्बलता क्युरारे या दक्षिण अमेरिकेतील बाणांच्या विषाने येणाऱ्या पक्षाघातासारखी दिसते, याकडे तंत्रिकातज्ञ डेरेक डेनी-ब्राउन यांनी त्यांचे लक्ष वेधले होते. क्युरारेवर फायसोस्टिग्मिनाचा काही अंशी उतारा पडतो, हे वॉकर यांना माहीत होते. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार प्रदेशात दिव्य करण्यासाठी (आरोपी निर्दोष आहे की नाही ते विषप्राशनाने ठरविण्यासाठी) वापरल्या जाणाऱ्या एका विषारी शेंगेच्या बियांपासून हे अल्कलॉइड मिळत असे. वॉकर यांनी एका रुग्ण स्त्रीला त्याचे अंतःक्षेपण दिले. अर्ध्या ते एका तासात मिटलेली पापणी वर गेली, हातांत जोर आला व गिळणे सुधारले. परंतु दोन ते चार तासांत परिणाम हळूहळू ओसरला. २ जून १९३४ रोजी लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी हा अनुभव मांडला. हा परिणाम क्षणिक असला, तरी श्वसनाच्या संकटातून रुग्णाला पार नेण्यास उपयोगी पडू शकेल, हेही त्यांनी त्यात सुचविले होते.

१९३५ मध्ये त्यांनी निओस्टिग्मीन हे संश्लेषित (कृत्रिम रीत्या बनविलेले) औषध वापरले व फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या सभेत त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. जर्मनीतील लाझार रेमेन यांनी १९३२ मध्येच ते एका रुग्णाला दिले होते. मात्र तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. फायसोस्टिग्मीन रक्तातून मेंदूत शिरते, तर निओस्टिग्मीन विद्युत् भारित रेणूंचे असल्याने मेंदूत जवळजवळ शिरत नाही. हा भेद झोपेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. १९७६ मध्ये एन. सीताराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत निरोगी माणसांना झोपेत फायसोस्टिग्मीन देऊन स्वप्ने पडणारी निद्रावस्था लवकर आणता येते, असे दाखविले. वॉकर यांनी औषध बदलताना हा विचार केलेला नव्हता. परंतु त्या बदलामुळे औषधाचा मुख्य परिणाम मेंदूबाहेर, स्नायूंपुरता व आंतरेंद्रियांपुरता सीमित झाला.

ही औषधे कशी कार्य करतात याचा उलगडाही याच सुमारास झाला. तंत्रिकेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य बाहेर पडते व त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो, हे हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. तंत्रिका-संदेशांच्या रासायनिक वहनाविषयीच्या कार्यासाठी त्याच वर्षी डेल व ओटो लव्ही यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ॲसिटिलकोलिनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाला (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला) ही औषधे रोखून धरतात. त्यामुळे ते द्रव्य संधीवर अधिक काळ टिकते.

मात्रा आणि रात्र : परंतु ॲसिटिलकोलीन केवळ स्नायूंवरच कार्य करीत नाही. परानुकंपी तंत्रिका तंत्राद्वारे (पचन, ग्रंथिस्राव, हृदयगती इ. अनैच्छिक क्रियांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तंत्रिका समूहाद्वारे) ते आतडी, लालाग्रंथी, घर्मग्रंथी, मूत्राशय, श्वासनलिका व हृदय यांवरही परिणाम करते. त्यामुळे पोटात कळा येणे, जुलाब, मळमळ, लाळ सुटणे, घाम, वारंवार लघवी व नाडी मंदावणे हे अनिष्ट परिणाम या औषधांमागोमाग आले. ते थोपविण्यासाठी ॲट्रोपीन देण्याची प्रथा पडली. पुढे प्रोपँथेलीन व ग्लायकोपायरोलेट ही औषधेही त्यासाठी वापरात आली. मात्र या उपायातही एक खोच होती. औषध अधिक झाल्याची पहिली सूचना पोटातील कळा व वाढलेली लाळ यांवरून मिळते. ॲट्रोपीन नियमाने घेतल्यास ही सूचनाच झाकली जाते व मात्रा धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेल्याचे उशिरा कळते.

निओस्टिग्मिनाच्या गोळीचा परिणाम दोन ते चार तासच टिकत असे. दिवसा हे निभावून नेता येई. रात्री मात्र दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागे. गोळीसाठी रुग्णाला उठविले तर झोप मोडे; न उठविले तर पहाटेपर्यंत औषध पूर्णपणे ओसरून मान उचलणेही कठीण जाई. गिळण्याचे स्नायू दुर्बल असलेल्या रुग्णांपुढे याहून बिकट पेच असे : गिळता येण्यासाठी जी गोळी हवी, तीच गिळता येत नसे. अशा वेळी अंतःक्षेपणाचा आधार घ्यावा लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील संशोधनातून पिरिडोस्टिग्मीन हे औषध पुढे आले व १९५० नंतरच्या दशकात त्याचा वापर सर्वत्र पसरला. अमेरिकेत त्याला १९५५ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा परिणाम अर्ध्या ते पाऊण तासात सुरू होऊन तीन ते सहा तास टिकतो आणि आतड्यांवरील उपद्रव निओस्टिग्मिनापेक्षा सौम्य असतो. निओस्टिग्मिनाची १५ मिग्रॅ.ची गोळी व पिरिडोस्टिग्मिनाची ६० मिग्रॅ.ची गोळी साधारणतः समान परिणामाच्या मानल्या जातात. जेवणापूर्वी सु. अर्धा तास गोळी घेतल्यास चावणे व गिळणे सुकर होते. ज्यांना कळांचा त्रास होतो, त्यांना ती थोड्या अन्नाबरोबर दिली जाते. रात्रीसाठी १८० मिग्रॅ.ची, औषध हळूहळू मुक्त करणारी गोळी तयार करण्यात आली. पहाटे अतिशय दुर्बल होणाऱ्या रुग्णांना ती निजताना दिल्यास अखंड झोप व सकाळी गिळण्याची शक्ती असे दोन्ही लाभ होऊ शकतात. तथापि तिचे शोषण अनियमित असते. ती फोडून वा कुटून घेतल्यास सर्व औषध एकाच वेळी रक्तात मिसळते. त्यामुळे दिवसा तिचा वापर सहसा करीत नाहीत. काही रुग्णांत तर रात्रभर चालणाऱ्या तिच्या परिणामामुळेच कळा व लघवी यांनी झोप मोडते. अशांना ती न देणेच हितावह ठरते.

दोन प्रकारची संकटे : औषध उपलब्ध झाल्यावर दुर्बलता वाढली की मात्रा वाढवावयाची, असा साधा नियम रूढ झाला. हा नियम घातक ठरू शकतो, हे १९५० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. ॲसिटिलकोलीन संधीवर प्रमाणाबाहेर साचल्यास स्नायू प्रथम फडफडतो व नंतर प्रतिसादच देईनासा होतो. म्हणजे औषध कमी पडल्याने व औषध अति झाल्याने उद्भवणारी दुर्बलता बाहेरून जवळजवळ सारखीच दिसते. पहिलीला रोगजन्य संकट व दुसरीला कोलीनजन्य संकट म्हणतात. दोहोंत श्वसन बंद पडू शकते; परंतु पहिलीत उपयोगी पडणारे औषध दुसरीत मृत्यूला आमंत्रण देते. बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी, स्नायूंचे फडफडणे व श्वासनलिकेत भरून येणारा स्राव या खुणा दुसरीकडे निर्देश करतात.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कचे केरमिट ऑसरमन व त्यांचे सहकारी यांनी एड्रोफोनियम या काही मिनिटेच परिणाम टिकणाऱ्या औषधाची चाचणी प्रचारात आणली. त्याच्या अंतःक्षेपणाने शक्ती वाढली तर मात्रा अपुरी, घटली तर ती अतिरिक्त, असा निर्णय करता येऊ लागला. तथापि शरीरातील काही स्नायूंना औषध कमी व काहींना अधिक पडत असल्याचे पुष्कळदा आढळे. त्यामुळे गंभीर संकटात चाचणीवर विसंबण्याऐवजी श्वसन यंत्राकडे सोपवून औषध काही काळ थांबविण्याची पद्धत रुळली. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेतून दाबाने हवा भरण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली होती. तिच्यातून उभ्या राहिलेल्या अतिदक्षता विभागांचा या रुग्णांना फार मोठा लाभ झाला. संकटात सापडलेल्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण पूर्वी अतिशय जास्त होते; विसाव्या शतकाच्या अखेरीस सुसज्ज रुग्णालयांत ते सु. ५ टक्क्यांपर्यंत खाली आले.

रोगकारणाचा शोध : यौवनलोपी ग्रंथी (छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी) व हा रोग यांचा संबंध १९०१ मध्ये जर्मन विकृतिवैज्ञानिक कार्ल व्हायगर्ट यांना एका रुग्णाच्या शवविच्छेदनात आढळलेल्या अर्बुदामुळे (गाठीमुळे) पुढे आला. १९३६ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक ॲल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी असे अर्बुद असलेल्या तरुणीवर शस्त्रक्रिया केली व तिच्यात सुधारणा झाली. १९४२ पासून लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी अर्बुद नसलेल्या रुग्णांतही ही ग्रंथी काढून टाकण्यास सुरुवात केली. सुधारणा का होते, याचे स्पष्टीकरण मात्र दीर्घकाळ मिळाले नाही.

१९६० मध्ये स्कॉटलंडमधील जॉन सिम्पसन यांनी हा रोग स्वप्रतिरक्षेचा (शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच ऊतकांवर केलेल्या हल्ल्याचा) असावा, असे प्रतिपादन केले. त्याला पुरावा मिळाला तो तेरा वर्षांनी. विद्युत् वाम माशाच्या विद्युत् जनक अवयवातून वेगळे केलेले ॲसिटिलकोलिनाचे ग्राही (ते द्रव्य पकडणारी प्रथिने) सशांना टोचल्यावर ते दुर्बल होऊन पडतात, असे कॅलिफोर्नियातील जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम यांना १९७३ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी डग्लस फॅम्ब्रो, डॅन्येल ड्रॅकमन व एस्. सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंतील ग्राहींची संख्या पुष्कळच घटलेली असते, असे मोजून दाखविले. या मोजणीसाठी तैवानातील मण्यार जातीच्या सापाच्या विषातून मिळविलेले, ग्राहींना घट्ट चिकटणारे प्रथिन वापरले होते. १९७६ मध्ये या ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडे (रक्तातील संरक्षक प्रथिने) बहुसंख्य रुग्णांत असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी जॉन न्यूसम-डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तद्रव बदलून (रक्तातील प्रतिपिंडयुक्त द्रव काढून टाकून) तात्पुरती सुधारणा घडवून आणली. २००१ मध्ये स्नायूंतील ‘मस्क’ या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे काही रुग्णांत आढळली. या गटाला पिरिडोस्टिग्मिनाचा उपयोग पुष्कळदा कमी व उपद्रव अधिक होतो. एकाच मात्रेचे फळ रुग्णागणिक इतके वेगळे का असते, याचे एक कारण त्यावरून कळाले.

कॉर्टिकोस्टेरॉइडे व निद्रानाश : प्रतिकारयंत्रणेलाच आवर घालणे आवश्यक आहे हे उमगल्यावर कॉर्टिकोस्टेरॉइडांचे (अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील हॉर्मोने व त्यांसारखी कृत्रिम औषधे यांचे) महत्त्व वाढले. १९५० च्या सुमारास या वर्गातील औषधे वापरून पाहण्यात आली होती. परंतु उपचाराच्या प्रारंभीच्या दिवसांत रुग्ण अधिक दुर्बल होतात, काहींचे श्वसन बंद पडते, हे पाहून वैद्य मागे हटले होते. १९७२ मध्ये अमेरिकेतील जॉन वॉर्मोल्ट्स व डब्ल्यू. किंग एंगल यांनी प्रेडनिसोन एक दिवसाआड देण्याचा लाभ दाखविला. १९७४ मध्ये मार्जोरी सीबोल्ड व ड्रॅकमन यांनी अल्प मात्रेपासून सुरुवात करून ती क्रमाक्रमाने वाढविल्यास आरंभीची अधोगती बव्हंशी टळते, असे निदर्शनास आणले. ज्या औषधाकडे दोन दशके संशयाने पाहिले जात होते, ते अशा प्रकारे केवळ मात्रा व वेळ बदलल्याने उपचाराचा आधारस्तंभ बनले.

त्याची किंमतही मोठी होती. दीर्घकाळच्या सेवनाने वजन वाढणे, चेहरा गोल होणे, मधुमेह, रक्तदाब, हाडे ठिसूळ होणे, मोतिबिंदू, जंतुसंसर्ग व मनाची चंचलता उद्भवते. झोप न येणे हा तर पहिल्याच आठवड्यात जाणवणारा परिणाम होय. शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास किमान असते. म्हणून संपूर्ण मात्रा एकदम सकाळी न्याहारीबरोबर दिल्यास झोपेला व अधिवृक्क ग्रंथींना त्या मानाने कमी उपद्रव होतो. एक दिवसाआड देण्याच्या पद्धतीने उपद्रव आणखी घटतात. मात्र औषध नसलेल्या दिवशी काहींना थकवा जाणवतो व मधुमेही रुग्णांत रक्तशर्करा आलटून पालटून वरखाली होते. दीर्घकाळ घेतलेले औषध अचानक थांबविणे हे घेत राहण्यापेक्षाही धोक्याचे असते, कारण दबलेल्या अधिवृक्क ग्रंथी तत्काळ कामास लागत नाहीत व मूळ रोगही उसळतो.

यामुळे कॉर्टिकोस्टेरॉइडांची मात्रा कमी करणे हेच पुढील संशोधनाचे एक उद्दिष्ट ठरले. अझाथायोप्रीन १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वापरात आले होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील तुलनात्मक चाचणीने त्याच्या जोडीने प्रेडनिसोलोन कमी करता येते, हे दाखविले. मात्र हा लाभ दिसण्यास वर्ष वा त्याहून अधिक काळ जावा लागतो आणि त्या काळात रक्तपेशी व यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते. यौवनलोपी ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णायक पुरावाही याच कसोटीवर मिळाला. न्यूसम-डेव्हिस यांच्या पुढाकाराने आखलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अर्बुद नसलेल्या १२६ रुग्णांचा समावेश होता. तीन वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांची शक्ती अधिक सुधारली. इतकेच नव्हे, तर एक दिवसाआड लागणाऱ्या प्रेडनिसोनची त्यांची सरासरी मात्रा सु. ४४ मिग्रॅ., तर इतरांची सु. ६० मिग्रॅ. होती.

झोपेतील श्वसन : १९५३ मध्ये शिकागो येथे यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅन्येल क्लाइटमन यांनी बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असलेली निद्रावस्था ओळखली. बहुतेक स्वप्ने या अवस्थेत पडतात. त्या वेळी मध्यपटल (छाती व उदर यांमधील श्वसनाचा प्रमुख स्नायू) व डोळ्यांचे स्नायू वगळता शरीरातील बहुतेक ऐच्छिक स्नायू शिथिल असतात. निरोगी माणसाला त्याची जाणीवही होत नाही; परंतु मध्यपटल दुर्बल असलेल्या रुग्णाला या काळात बरगड्यांच्या व मानेच्या स्नायूंची मदत मिळत नाही, श्वास उथळ होतो व रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचतो. पहाटेची डोकेदुखी, वारंवार दचकून जागे होणे, उताणे निजता न येणे व दिवसा पेंग येणे या तक्रारी म्हणूनच केवळ थकव्याच्या समजून सोडून देता येत नाहीत. १९९२ मध्ये मारिया-अँटोनिया केरा-साल्व्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या झोपेतील श्वसनाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. हे दोष विशेषतः वरील निद्रावस्थेत उद्भवत असल्याचे त्यात आढळले. २००६ मध्ये कॅनडातील १०० रुग्णांच्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक जणांना झोपेत श्वास मधूनमधून अडण्याचा विकार होता. घशाच्या स्नायूंची दुर्बलता व कॉर्टिकोस्टेरॉइडांमुळे वाढलेले वजन ही दोन्ही त्यास पोषक असतात.

या ज्ञानामुळे उपचारांत काही महत्त्वाचे बदल झाले. रुग्णाची श्वसनक्षमता बसवून व निजवून अशी दोनदा मोजण्यास महत्त्व आले. निजल्यावर ती बरीच घटल्यास मध्यपटल दुर्बल असल्याचे समजते. केवळ ऑक्सिजन दिल्याने रक्तातील त्याचे प्रमाण सुधारलेले दिसते, पण साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड तसाच राहून धोका झाकला जाऊ शकतो. झोप लागत नाही म्हणून दिलेल्या डायाझेपामासारख्या गुंगीच्या औषधांनी श्वसन आणखी मंदावते. त्यामुळे त्यांची योजना श्वसनाच्या तपासणीनंतर व अतिशय सावधपणे करावी लागते. रात्री नाका-तोंडावर मुखवटा लावून दोन पातळ्यांच्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरीस पसरला. २००२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी त्याच्या साहाय्याने संकटकाळीही काही रुग्णांत श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ टाळता येते, असे दाखविले. कार्बन डाय-ऑक्साइड आधीच वाढलेला असल्यास मात्र हा उपाय पुष्कळदा अपुरा पडतो.

इतर रोगांवरील औषधे : या रुग्णांना अन्य विकारांसाठी दिलेली औषधेही घातक ठरू शकतात. क्विनीन दुर्बलता वाढविते, हे १९३० नंतरच्या दशकातच लक्षात आले होते. क्लोरोक्विनानेही तसे घडू शकते. हिवताप आढळणाऱ्या भारतासारख्या देशांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. जेंटामायसिनासारखी प्रतिजैविके, शिरेतून दिलेले मॅग्नेशियम व हृदयविकारावरील बीटारोधक यांबाबतही सावधगिरी बाळगतात. संधिवातावरील पेनिसिलामीन या औषधाने तर पूर्वी निरोगी असलेल्या व्यक्तींत हा रोग उत्पन्न होतो, असे १९७५ मध्ये दिसून आले. औषध थांबविल्यावर तो बहुधा हळूहळू नाहीसा होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये टेलिथ्रोमायसीन या रुग्णांना वर्ज्य ठरविले व २०११ मध्ये फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविकांवर ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला.

वॉकर यांच्या शोधाचा एक अनपेक्षित उपयोग भारतात झाला. नागाच्या विषातील काही घटक ॲसिटिलकोलिनाच्या ग्राहींवर बसून पापण्या मिटविणारा व श्वसन रोखणारा पक्षाघात घडवितात. त्याचे या रोगाशी असलेले साम्य ध्यानात घेऊन प्रतिविषाच्या जोडीला ॲट्रोपीन व निओस्टिग्मीन देण्याची पद्धत भारतात सर्पदंशाच्या उपचारांत समाविष्ट झाली आहे. आतडी व हृदय यांवरील उपद्रव टाळण्यासाठी येथेही ॲट्रोपीन आधी देतात.

अलीकडील प्रगती : एकविसाव्या शतकात प्रतिकारयंत्रणेतील एकेका टप्प्यावर नेमका आघात करणारी औषधे आली. रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी रोखणाऱ्या एक्युलिझुमॅबला २०१७ मध्ये व प्रतिपिंडांचे रक्तातील आयुष्य कमी करणाऱ्या एफगार्टिजिमॉडला २०२१ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली. ती कॉर्टिकोस्टेरॉइडांप्रमाणे झोप उडवीत नाहीत, तथापि निर्धोकही नाहीत : एक्युलिझुमॅबमुळे मेंदूच्या आवरणाच्या घातक जंतुसंसर्गाचा संभव वाढत असल्याने आधी लस टोचावी लागते. या औषधांची किंमत अतिशय मोठी असल्याने जगातील बहुसंख्य रुग्णांचा उपचार आजही पिरिडोस्टिग्मीन, कॉर्टिकोस्टेरॉइडे व अझाथायोप्रीन यांवरच चालतो. म्हणून गोळीची वेळ, शक्ती वाढल्याची व ओसरल्याची घटका, कळा वा जुलाब, रात्री कितीदा जाग आली व सकाळी डोके दुखले काय, यांची रुग्णाने ठेवलेली दैनंदिन नोंद चिकित्सकाला मात्रा ठरविण्यास प्रयोगशाळेतील चाचणीइतकीच उपयोगी पडते. रक्तातील प्रतिपिंडांच्या पातळीवरून एखाद्या रुग्णाची दुर्बलता किती असेल, हे सांगता येत नाही. ती ओळखण्यासाठी त्याच्या चोवीस तासांचाच मागोवा घ्यावा लागतो.